रोल नंबर शेजारचा, म्हणून मित्र

पुण्यात इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही विचारा की कॉलेजमधला सगळ्यात जवळचा मित्र कोण, आणि मग त्याचं आडनाव विचारा. जाधवचा दोस्त जोशी निघतो, कदमचा कांबळे, पाटलाचा तर पाटीलच (असतातच तेवढे). रोल नंबर आडनावावरून लागतात, प्रॅक्टिकलच्या बॅचेस रोल नंबरवरून पडतात आणि मग एकमेकांचं जर्नल उतरवण्यात, व्हायवाला एकत्र दांडी गुल होण्यात चार वर्षं जातात, आणि आपल्याला वाटतं आमचे विचार जुळले म्हणून मैत्री झाली.

१९७४ साली मॅडी सीगल या समाजशास्त्रज्ञ बाईंनी हे अमेरिकेतल्या मेरीलँडच्या पोलीस अकादमीत दाखवून दिलं. तिथे वर्गातल्या जागा आणि राहायच्या खोल्या आडनावाच्या अक्षरांप्रमाणे मिळायच्या, आणि नंतर जवळचे मित्र विचारले तर अक्षरं जवळ असलेलेच जास्त. जर्मनीत लाइपझिगला तर त्याहून कमाल झाली, तिथे मानसशास्त्राच्या नवीन पोरांना पहिल्या दिवशी चिठ्ठीने जागा दिल्या, आणि वर्षभराने पाहिलं तर त्या एका दिवशी शेजारी बसलेल्यांची मैत्री बाकीच्यांपेक्षा घट्ट होती. तिसरं उदाहरण जुनं आहे, १९५० चं, अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थ्यांच्या वसाहतीतलं. शेजारच्या दारातल्यांपैकी ४१ टक्के जवळचे मित्र, एक दार सोडून पलीकडचे २२ टक्के, आणि मजल्याच्या दुसऱ्या टोकाला जेमतेम १०. कॉट बेसिसवर राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

असं का होतं? एक कारण म्हणजे नुसतं दिसत राहणं. १९९२ च्या एका प्रयोगात दिसायला साधारण सारख्या चार मुली एका वर्गात पाठवल्या, एक १५ वेळा, एक १०, एक ५ आणि एक एकदाही नाही. त्या कुणाशी एक शब्द बोलल्या नाहीत. शेवटी वर्गाला फोटो दाखवले तर जी जास्त वेळा आली ती जास्त आवडली, आणि ओळखीची वाटते का विचारलं तर बहुतेकांना धड सांगताही येईना!

पण नुसतं दिसून भागत नाही, तास घालावे लागतात. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी हा हिशोबच मांडला, ओळखीचा माणूस बऱ्यापैकी मित्र व्हायला साधारण ५० तास, खरा मित्र व्हायला ९०, जिवलग व्हायला २०० च्या वर. हे सरासरीचे आकडे आहेत, घड्याळ लावून बसू नका. मला यातली दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, ती अशी की कामापुरतं एकत्र राहिल्याचे तास यात फारसे उपयोगी पडत नाहीत, टाइमपासचे पडतात. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बघा ना, लातूरचा आणि परभणीचा दिवसभर शेजारी बसून मुकाट एमपीएससी करतात, पण त्यांची मैत्री होते ती पाच वाजता खाली चहाला उतरल्यावर. तेव्हा लेक्चर झालं की लगेच बस पकडायला पळणाऱ्यांनी जरा विचार करावा.

आता लाजाळू मंडळींसाठी. २०१८ मध्ये एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी अनोळखी लोकांना जोडीने गप्पा मारायला बसवलं आणि नंतर दोघांना वेगवेगळं विचारलं, समोरच्याला तुम्ही किती आवडलात? बहुतेकांनी स्वतःला कमीच मार्क दिले, प्रत्यक्षात समोरच्याला ते त्याहून जास्त आवडले होते. येल विद्यापीठाच्या हॉस्टेलवरच्या नव्या रूममेट्समध्ये हा गैरसमज कित्येक महिने टिकला. म्हणजे 'आपण त्याला पकवलं बहुतेक' असं तुम्हाला वाटत असताना तोही स्वतःबद्दल तेच म्हणत असण्याची शक्यता बरीच आहे.

आणि शेवटचं, खास पुण्याचं. २०१५ मध्ये ब्राझीलमध्ये शाळकरी मुलांना गटात नाचायला लावलं, काहींना एकाच ठेक्यावर एकसारख्या स्टेप्स, काहींना वेगवेगळ्या. एकसारखं नाचलेल्यांना आपला गट जास्त जवळचा वाटला आणि त्यांची वेदना सोसायची ताकदही वाढलेली दिसली, ती रक्तदाब मोजायचा पट्टा दंडावर आवळून तपासली. संशोधकांच्या मते यामागे मेंदूतली एंडॉर्फिन्स, म्हणजे वेदना कमी करणारी आणि बरं वाटायला लावणारी रसायनं, असावीत. हे वाचून मला ढोल-ताशा पथकच आठवलं, कमरेला ढोल, हाताला फोड, आणि तरी पन्नास जणांचा टोल एकदम पडतोय. वाजवता येत नसलं तरी बरीच पथकं घेतात, शिकवतात. गणपतीच्या आधी दोन महिने, नदीकाठी रोज संध्याकाळी दोन तास सराव धरला तर विसर्जनापर्यंत शंभराच्या वर तास होतात, आणि त्यात सरावानंतरचा वडापाव अजून धरलेलाच नाही.