वायफाय जोडलेलं असणं आणि इंटरनेट चालू असणं

लॅपटॉपच्या कोपऱ्यात वायफायच्या काड्या पूर्ण भरलेल्या दिसतात, पण एकही पान उघडत नाही. कधी याच्या उलट होतं: काड्याच गायब, आणि यादीत आपल्या नेटवर्कचं नावही नाही. दोन्ही वेळा आपण म्हणतो, ‘वायफाय चालत नाहीये’, आणि दोन्ही वेळा तेच उपाय करतो. राउटर बंद-चालू करायचा, लॅपटॉप रीस्टार्ट करायचा, पासवर्ड पुन्हा टाकायचा, सेटिंगमध्ये दिसेल ते बटण दाबून बघायचं. यातून कधीकधी काम होऊनही जातं. पण कशामुळे झालं ते कळत नाही, म्हणून पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

खरं तर हे दोन निरनिराळे बिघाड आहेत आणि त्यांच्या जागाही निरनिराळ्या आहेत. इंटरनेट लॅपटॉपपर्यंत दोन टप्प्यांत पोचतं. एक टप्पा लॅपटॉप ते राउटर, म्हणजे खोलीतला किंवा घरातला, रेडिओलहरींवर चालणारा. वायफाय म्हणजे एवढंच. दुसरा टप्पा राउटरपासून बाहेर, फायबर किंवा केबलवरून सेवा देणाऱ्या कंपनीपर्यंत आणि तिथून पुढे. वायफायचं मूळ मानक, ८०२.११, १९९७ मध्ये ठरलं. जवळपासच्या उपकरणांनी बिनतारी संदेश एकमेकांना कसे पाठवायचे, एवढाच त्याचा विषय आहे. बाहेर इंटरनेट आहे की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर राउटरला बाहेरून येणारी वायर काढून बघा. लॅपटॉप वायफायला जोडलेलाच राहील, काड्या पूर्ण दिसतील, वायफायवरचा प्रिंटर कागद छापून देईल, दोन लॅपटॉप एकमेकांना फाइलीही पाठवतील. फक्त इंटरनेट नसेल.

पडद्यावर जे दिसतं त्याचा अर्थ

काड्या राउटरकडून येणाऱ्या सिग्नलची ताकद दाखवतात, बाकी काही नाही. बाहेरची लाइन तुटली तरी त्या कमी होत नाहीत.

विंडोजमध्ये नेटवर्कच्या नावाखाली ‘नो इंटरनेट, सिक्युअर्ड’ असं दिसतं तेव्हा पुष्कळ जण बुचकळ्यात पडतात. हे दोन टप्प्यांबद्दलचं वेगवेगळं बोलणं आहे. ‘सिक्युअर्ड’ म्हणजे लॅपटॉप आणि राउटर यांच्यातला संवाद पासवर्डने सुरक्षित आहे, पहिला टप्पा ठीक आहे. ‘नो इंटरनेट’ म्हणजे त्यापुढे वाट सापडत नाही. मॅकवर वायफायच्या चिन्हात उद्गारचिन्ह आलं तर त्याचाही अर्थ हाच. विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत मात्र कोपऱ्यातल्या चित्रावर विसंबू नका, कारण बंदीची खूण असलेला पृथ्वीगोल दोन्ही बिघाडांत दिसू शकतो. चित्रावर क्लिक करा आणि नावाखाली काय लिहिलंय ते वाचा.

इंटरनेट नाही हे विंडोजला कळतं कसं? नेटवर्कला जोडल्यावर ते मायक्रोसॉफ्टच्या एका ठरावीक पत्त्यावरून छोटी मजकुराची फाइल मागवतं. तिच्यात ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’ एवढे तीनच शब्द असतात. ते जसेच्या तसे आले तर इंटरनेट आहे, नाहीतर नाही, असा त्याचा हिशेब. म्हणूनच व्हीपीएन (सगळी रहदारी दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी सोय) किंवा फायरवॉलने (येणारी-जाणारी रहदारी गाळणारी सोय) ही एक फाइल अडवली तर बाकी सगळं चालू असतानाही ‘नो इंटरनेट’ दिसू शकतं. पानं उघडत असतील तर त्या सूचनेची चिंता करू नका.

असाच गोंधळ वेगाबद्दल होतो. वायफायच्या माहितीत ४३३ किंवा ८६६ एमबीपीएस असा आकडा दिसला तर तो लॅपटॉप आणि राउटर यांच्यातल्या जोडणीचा असतो. तुमचा प्लॅन ५० एमबीपीएसचा असेल तर बाहेरून तेवढंच येणार. स्पीड टेस्टचा आकडा कमी आला म्हणून लॅपटॉपच्या वायफायला दोष देण्याआधी हे दोन आकडे वेगवेगळे वाचायला हवेत.

बिघाड कुठल्या टप्प्यात आहे?

काहीही बदलण्याआधी फोन हातात घ्या. आधी त्याचा मोबाइल डेटा बंद करा, मग तो त्याच वायफायला जोडून एखादं पान उघडून बघा. डेटा बंद करणं फार महत्त्वाचं आहे. वायफायवर इंटरनेट नसेल तर बरेच फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात, आणि ‘फोनवर तर चालतंय, म्हणजे लॅपटॉपच बिघडलाय’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. पानही नवीनच उघडा, आधी पाहिलेलं साठवलेलं असू शकतं.

फोन आणि लॅपटॉप दोन्ही वायफायला जोडलेले आहेत पण कशावरच काही उघडत नाही, तर दुसरा टप्पा तुटलाय. लॅपटॉपमध्ये खुडबुड करण्यात अर्थ नाही. दोघांनाही नेटवर्कचं नावच दिसत नसेल तर राउटर किंवा त्याचं वायफाय बंद आहे. काही राउटरांना मागे किंवा बाजूला वायफायचं वेगळं बटण असतं, ते साफसफाईत दाबलं जाऊ शकतं. आणि फोनवर सुरळीत चालू असेल तर लॅपटॉपकडे वळा.

फोनचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडून पाहणं ही आणखी एक चांगली तपासणी. हॉटस्पॉटवर लॅपटॉप व्यवस्थित चालला तर त्याचं वायफाय शाबूत आहे, तंटा फक्त त्या एका नेटवर्कशी आहे.

लॅपटॉपचं वायफाय चालूच होत नाही तेव्हा

सर्वांत आधी एअरप्लेन मोड. तो चालू असला की वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही बंद होतात. विंडोज ११ मध्ये विंडोजची कळ आणि ‘ए’ एकत्र दाबली की झटपट सेटिंगचा चौकोन उघडतो, त्यात वायफाय आणि एअरप्लेन मोड शेजारी दिसतात. बऱ्याच लॅपटॉपच्या कीबोर्डवरच्या वरच्या ओळीत विमानाचं किंवा अँटेनाचं चित्र असलेली कळ असते. ती एकटी किंवा ‘एफएन’सोबत दाबली की वायफाय चालू-बंद होतं, त्यामुळे ती चुकून दाबली जाणं अगदी सहज शक्य आहे. जुन्या काही लॅपटॉपना कडेला किंवा पुढच्या बाजूला सरकवायचा छोटा स्विच असतो. तो बंद असेल तर सेटिंगमधून कितीही प्रयत्न केले तरी वायफाय चालू होणार नाही. लिनक्सवर ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा हा फरक स्पष्ट दाखवते: ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ म्हणजे सॉफ्टवेअरने बंद केलेलं, ‘हार्ड ब्लॉक्ड’ म्हणजे स्विचने.

सेटिंगमध्ये वायफायचा पर्यायच नाहीसा झाला असेल तर गोष्ट वेगळी. मग डिव्हाइस मॅनेजर उघडून ‘नेटवर्क अडॅप्टर्स’ बघा. वायफायच्या नावावर खाली जाणारा बाण असेल तर ते डिसेबल झालंय, राइट क्लिक करून एनेबल करा. नावच नसेल किंवा पिवळं चिन्ह असेल तर बहुतेक वेळा ड्रायव्हरचा, म्हणजे विंडोजला वायफायचं कार्ड चालवायला शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, प्रश्न असतो, विशेषतः विंडोज नव्याने टाकल्यावर. ड्रायव्हर डाउनलोड करायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा, या पेचातून फोन सोडवतो. तो यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमधून यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचं इंटरनेट केबलवरून लॅपटॉपला देण्याची सोय, चालू करा. अँड्रॉइड फोनला विंडोज साधारणपणे वेगळा ड्रायव्हर न मागता ओळखतं. मग लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या.

वायफाय चालू आहे, इतरांची नेटवर्कं दिसतात आणि फक्त तुमचंच दिसत नाही, असंही होतं. बरेच राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतात. २.४ चा सिग्नल भिंतींतून लांबवर पोचतो पण त्या पट्ट्यात गर्दी असते. ५ चा वेगवान, मात्र भिंती आडव्या आल्या की लवकर क्षीण होतो. काही जुन्या लॅपटॉपांना ५ चा पट्टा कळतच नाही, त्यांना ते नाव कधीच दिसणार नाही. नाव दिसतंय, पासवर्ड बरोबर आहे आणि तरी जुना लॅपटॉप जोडला जात नाही, तर राउटरवर सुरक्षेचा प्रकार फक्त डब्ल्यूपीए ३ ठेवलाय का ते बघा. तो २०१८ मध्ये आला, त्याआधीच्या अनेक उपकरणांना पेलत नाही. डब्ल्यूपीए २ आणि ३ असा मिश्र पर्याय बहुतेक राउटरांत असतो. राउटरचा पासवर्ड बदलला असेल तर लॅपटॉपवर ते नेटवर्क ‘फरगेट’ करून नव्याने जोडा.

२.४ च्या पट्ट्यातच मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथही असतात. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क वायफायच्या अँटेनाजवळ लावली की तिचाही त्रास होतो. तासन्‌तास ठीक चालणारं वायफाय मायक्रोवेव्ह चालू असतानाच अडखळत असेल तर ५ गिगाहर्ट्झवर जा.

लॅपटॉप जोडलेला आहे, फोनवर नेट आहे, लॅपटॉपवर नाही

वायफायला जोडल्यावर राउटर लॅपटॉपला एक पत्ता देतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे विंडोजच्या आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘आयपीकॉन्फिग’ लिहिलं की तो दिसतो. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल तर सहसा ठीक. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता आलाच नाही आणि लॅपटॉपने स्वतःच एक तात्पुरता ठरवून घेतलाय. तो घेऊन बाहेर जाता येत नाही. वायफाय तोडून पुन्हा जोडा, तरी तोच पत्ता आला तर राउटर रीस्टार्ट करा.

पत्ता ठीक असेल तर त्याच खिडकीत ‘पिंग’ वापरा: ही आज्ञा एखाद्या पत्त्याला छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का ते बघते. त्याच यादीत ‘डिफॉल्ट गेटवे’ म्हणून राउटरचा पत्ता असतो, बऱ्याचदा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. त्याला पिंग केल्यावर उत्तर आलं तर पहिला टप्पा सुस्थितीत आहे. मग गूगलच्या सार्वजनिक डीएनएसला, ८.८.८.८ ला, पिंग करा. तिथूनही उत्तर येतंय पण साइट उघडत नाही, तर बिघाड बहुधा डीएनएसमध्ये असतो: साइटच्या नावाचा आकडी पत्ता शोधून देणारी यंत्रणा उत्तर देत नाही. वायफायच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ लिहून बघा.

ब्राउझरपुरताच प्रश्न असेल तर प्रॉक्सी (पानं मधल्या एका सर्व्हरमार्फत मागवण्याची सेटिंग) आणि व्हीपीएन बंद करून पाहा. लॅपटॉपची तारीखही बघा. ती चुकीची असेल तर सुरक्षित साइट्सची प्रमाणपत्रं कालबाह्य किंवा अजून लागू न झालेली वाटतात, आणि ब्राउझर साइट उघडायला नकार देतो. विमानतळ किंवा हॉटेलच्या वायफायवर आधी लॉगिनचं पान यावं लागतं. तोवर तुम्ही जोडलेले असता, पण दुसरा टप्पा मुद्दाम बंद ठेवलेला असतो. ते पान आपोआप आलं नाही तर व्हीपीएन बंद करून पुन्हा जोडा.

विंडोजमधलं ‘नेटवर्क रीसेट’ शेवटी ठेवा. त्याने साठवलेली सगळी नेटवर्कं आणि पासवर्ड जातात.

राउटरच्या पलीकडे

फायबरचं कनेक्शन असेल तर भिंतीजवळच्या डब्यावरचा ‘एलओएस’ हा दिवा बघा. तो लाल असेल तर फायबरवरून प्रकाशच पोचत नाहीये. केबल कुठे वाकली किंवा तुटली असेल, किंवा बिघाड कंपनीच्या बाजूला असेल. लॅपटॉपवर काहीही करून तो दिवा विझणार नाही. फायबरची पातळ केबल काटकोनात वाकलेली नाही एवढं बघा आणि तक्रार नोंदवा.

राउटर रीस्टार्ट करणं आणि रीसेट करणं यांत मात्र कधीही गल्लत करू नका. वीज बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणं हा निर्धोक उपाय आहे. मागच्या बारीक छिद्रात टाचणी दाबून धरली की राउटर कारखान्यातून आला तसा होतो: वायफायचं नाव, पासवर्ड, आणि काही कनेक्शनांत कंपनीने दिलेलं लॉगिनसुद्धा पुसलं जातं. हे लॉगिन तुमच्याकडे लिहिलेलं नसेल तर आधी चालू असलेला दुसरा टप्पाही हातचा जातो.

सगळ्यांत त्रासदायक म्हणजे अधूनमधून जाणारं नेट, कारण तपासायला बसावं तेव्हा ते चालू असतं. त्यावेळी कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला आणि दुसरीत ८.८.८.८ ला पिंग लावा, दोन्हीकडे पत्त्यानंतर डॅश आणि ‘टी’ जोडा म्हणजे पिंग थांबणार नाही. त्या तशाच चालू ठेवून आपलं काम करत राहा. नेट अडकलं की खिडक्या बघा. दोन्हींत ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं तर वायफाय सुटतंय: राउटर जवळ घ्या, पट्टा बदला, ड्रायव्हर अद्ययावत करा. राउटरकडून उत्तरं नियमित येत असतील आणि फक्त ८.८.८.८ ची थांबली असतील तर त्या पडद्याचा फोटो वेळेसह काढून ठेवा आणि कंपनीच्या तक्रारीला जोडा. ‘तुमच्या लॅपटॉपचं वायफाय खराब असेल’ हे उत्तर मग ऐकून घ्यायची गरज नाही.