नाशिकच्या रेडिओवर कुठलं गाणं लागणार, हे आजवर कोणी ठरवलं?

नाशिकमधे आज एफएम लावा, ९३.५ वरून ९८.३ वर या, कितीतरी वेळा तेच गाणं दहा मिनिटांनी परत कानावर पडतं. पब्लिकलाच हे आवडतं असं सगळे म्हणतात, पण मला ते पटत नाही. मागचं सगळं बघितलं तर गाणी ठरवायला ऐकणाऱ्यांपेक्षा नियम आणि पैसाच जास्त कामाला आलेत.

१९५२ ला बाळकृष्ण केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री झाले, आपलेच मराठी, स्वतः ध्रुपद शिकलेले, आणि त्यांना सिनेसंगीताचं एवढं वावडं की आकाशवाणीवरून ही गाणी जवळपास गायबच झाली. लोकांनी काय केलं, सुई फिरवून श्रीलंकेचं रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षी तिथे अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली होती, बुधवारी रात्री आठला. शेवटी सरकारलाच नमतं घ्यावं लागलं आणि ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आलं, १९६७ पासून त्यावर जाहिरातीही आल्या.

आपल्याकडे तेव्हा मुंबईचं मीडियम वेव्ह लागायचं. पंचवटीत आजीकडे चामड्याच्या कव्हरातला ट्रान्झिस्टर होता, सेल उतरले की ती ते ओट्यावर उन्हात ठेवायची आणि संध्याकाळी रेडिओवरच्या 'कामगार सभा' कार्यक्रमाच्या आत परत घालायची. 'आपली आवड' या फर्माइशीच्या कार्यक्रमाला पोस्टकार्ड गेलं की घरातल्या सगळ्यांची, शेजाऱ्यांचीसुद्धा नावं त्यावर असायची, आणि निवेदिका ती यादी वाचत असताना घरात कोणी बोलायचं नाही, गाणं नंतर, आधी नाव ऐकायचं. गाणं कोणी मागितलं ते कळायचं, हे मला फार मोठं वाटतं.

पुढे जिल्ह्याजिल्ह्यात छोटी केंद्रं काढायची कल्पना आली, देशातलं पहिलं १९८४ ला नागरकोईलला. आपलं नाशिक आकाशवाणी १०१.४ त्याच जातकुळीतलं.

खासगी एफएमचं गणित वेगळंच. २००१ ला बंगळुरूपासून सुरुवात झाली, पण लायसन्स फी ठरलेली आणि दरवर्षी १५ टक्के वाढणारी, कंपन्या पार मेटाकुटीला आल्या. २००५ च्या दुसऱ्या टप्प्यात ती फी जाऊन उत्पन्नाच्या ४ टक्के असा हिस्सा आला आणि मग कुठे नाशिकसारख्या शहरांत स्टेशन चालवणं परवडायला लागलं. पण तेव्हा एका कंपनीला एका शहरात एकच चॅनल, बातम्यांना बंदी, म्हणजे दिवसभर फक्त गाणी आणि गप्पा, आणि एकाच चॅनलवर सगळे जाहिरातदार धरून ठेवायचे. मग कोण कशाला फक्त भावगीतं किंवा लोकगीतं लावायची रिस्क घेईल? सगळ्यांनी हिंदी हिट गाणीच धरली.

त्यात गाणी निवडायला सॉफ्टवेअर आलं. तासाचं घड्याळ आखलेलं असतं, इथे नवीन हिट, इथे जुनं, इथे जाहिरात, आरजे फक्त मधे बोलतो. आपल्याला वाटतं त्याने आपल्यासाठी गाणं लावलं, लिस्ट आधीच तयार असते. २०१५ च्या लिलावाने तिसरा टप्पा सुरू झाला तेव्हा एकच कार्यक्रम देशभरच्या आपल्या सगळ्या स्टेशनांवर चालवायचीही मुभा मिळाली, म्हणजे नाशिकच्या फ्रिक्वेन्सीवर बाहेरच्या शहरातला आवाज. स्टेशनं वाढली, गाण्यांत फरक पडला तो एवढाच की कोणी रेट्रोकडे, म्हणजे जुन्या गाण्यांकडे वळलं.

याच्या उलट २००६ च्या कम्युनिटी रेडिओच्या, म्हणजे स्थानिक संस्थांनी आपल्या भागापुरत्या चालवायच्या रेडिओच्या धोरणात निम्मा मजकूर स्थानिक लोकांच्या सहभागातून हवा अशी अट आहे. आपल्याकडचं रेडिओ विश्वास ९०.८ त्यातलंच, कोरोनात शाळा बंद असताना त्यांनी रेडिओवर धडे दिले आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. फक्त अशा स्टेशनचा ट्रान्समीटर १०० वॅटचा, आवाज जाऊन जाणार किती लांब? पिंपळगावला मावशीकडे ९०.८ लावलं की नुसती खरखर, तिथे ओट्यावर अजून १०१.४ च चालू असतं.