‘लोकांचं बघून’ : भीड आणि अदमास

मागच्या डिसेंबरात पुण्याहून आतेभाऊ आला होता. इंदूरला पहिल्यांदाच. रात्री साडेदहाला आम्ही त्याला सराफ्यात घेऊन गेलो. दिवसा सोन्याचांदीची दुकानं आणि ती बंद झाली की त्यांच्याच दारांत खाण्याच्या गाड्या. नवख्या माणसाला कुठे थांबावं तेच कळत नाही. गराडूच्या दोन गाड्या शेजारीशेजारी होत्या. एकीपुढे पंधरा-वीस माणसं, दुसरीपुढे कोणीच नाही. तो सरळ गर्दीच्या गाडीकडे वळला. गराडू हा कंद असतो, तो तळून वर जिरावन मसाला आणि लिंबू घालून खातात, हेही त्याला ठाऊक नव्हतं. “एवढे लोक उभे आहेत, म्हणजे इथलाच चांगला असणार,” एवढाच त्याचा हिशेब.

तासाभरात भुट्ट्याचा कीस, खोपरा पॅटिस आणि साबुदाण्याची खिचडी पोटात गेली आणि आम्ही मालपुव्याच्या कढईशी पोचलो. आता त्याला एक घासही जाणार नव्हता, चेहऱ्यावरच दिसत होतं. पण आम्हा सातही जणांच्या हातात द्रोण आले तसा त्यानेही घेतला आणि कसाबसा संपवला.

दोन्ही वेळा तो लोकांचं बघूनच वागला. आणि तरी या दोन गोष्टींचा एकमेकींशी जवळजवळ काही संबंध नाही. गराडूच्या वेळी त्याच्याकडे माहिती नव्हती, ती त्याने गर्दीकडून उसनी घेतली. मालपुव्याच्या वेळी त्याला सगळं कळत होतं. आपलं पोट भरलंय हे त्याच्याहून जास्त कोणाला ठाऊक असणार? त्याला फक्त वेगळं पडायचं नव्हतं.

मॉर्टन डॉइच आणि हॅरॉल्ड जेरार्ड या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1955 साली या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या आणि त्यांना दोन नावं दिली. मराठीत पुस्तकी भाषेत सांगायचं तर पहिला माहितीमूलक प्रभाव आणि दुसरा मानदंडमूलक प्रभाव. मला मात्र आपले जुने शब्द जास्त नेमके वाटतात. पहिला अदमास, दुसरी भीड. आम्हा इंदूरच्या मराठी माणसांची एक अडचण आहे. दिवसभर हिंदी बोलून आमची मुलं ‘सराफ्यात खूप भीड होती’ असं मराठीतही सहज म्हणून जातात, कारण हिंदीत भीड म्हणजे गर्दी. आपली भीड वेगळी. ‘त्यांच्या भिडेपोटी हो म्हटलं’ मधली, ‘भीड भिकेची बहीण’ मधली. मुलांना हा फरक सांगायला हवा असं मला मनापासून वाटतं, कारण हा शब्द गेला तर ती गोष्ट ओळखायची खूणही जाईल.

आधी अदमासाचं. मुझफ्फर शेरिफ हा तुर्कस्तानात जन्मलेला संशोधक. त्याने 1935 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग फार साधा आहे. पूर्ण अंधारी खोली, समोर प्रकाशाचा एक बारीक ठिपका. ठिपका जागचा हलत नाही. पण अंधारात तुलना करायला दुसरं काही नसल्यामुळे तो हलतोय असा भास होतो. किती इंच हलला, ते सांगायचं. एकेकटं बसवलं तेव्हा प्रत्येकाचा आकडा वेगळा आला. मग दोघा-तिघांना एकत्र बसवून मोठ्याने सांगायला लावलं, तर हळूहळू सगळ्यांचे आकडे एकमेकांजवळ सरकले. कोणी कोणाला दटावलं नव्हतं, हसलं नव्हतं. आणि यापुढचा भाग महत्त्वाचा: गटात बसून आलेल्यांना नंतर पुन्हा एकटं बसवलं, तरी ते गटाचाच आकडा सांगत राहिले. म्हणजे त्यांनी दाखवण्यापुरतं मान्य केलं नव्हतं. त्यांना तसंच दिसू लागलं होतं.

रस्त्यावरचा अदमास पाहायचा असेल तर स्टॅन्ली मिलग्रॅम आणि त्याच्या सहकाऱ्यांचा 1969 चा न्यूयॉर्कमधला प्रयोग आहे. फुटपाथवर एक माणूस मान वर करून सहाव्या मजल्याच्या खिडकीकडे बघत उभा राहिला, तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी 42 टक्के लोकांनी वर पाहिलं. पंधरा माणसं तशी उभी केली, तर 86 टक्क्यांनी. इंदूरच्या राजवाड्यासमोर कोणीही हे करून बघावं. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

आता भीड. सॉलोमन अ‍ॅश हा मूळचा वॉर्साचा. त्याच्या लहानपणची एक आठवण सांगितली जाते. ज्यूंच्या पासओव्हर सणाच्या रात्री घरी एक जास्तीचा प्याला भरून ठेवला होता. तो संदेष्टा एलायजासाठी, असं त्याला सांगण्यात आलं. तो खरंच पिणार का, असं विचारल्यावर काका म्हणाले, नीट बघत राहा. आणि सात वर्षांच्या पोराला प्याल्यातली वाइन खरंच थोडी कमी झाल्यासारखी वाटली. आपल्याकडे देवापुढच्या नैवेद्याच्या वाटीकडे टक लावून बसलेल्या कितीतरी मुलांना असंच वाटलं असेल. पण हे नीट पाहिलं तर भीड नाही, अदमास आहे. मुलाने काकांची मर्जी राखायला खोटं सांगितलं नाही. त्याला तसं दिसलं.

पुढे 1950 च्या दशकात अ‍ॅशने जो प्रयोग केला, त्यात मात्र त्याने अदमासाला जागाच ठेवली नाही. अंधार नाही, भास नाही. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. पहिलीइतकी लांब कोणती, एवढंच सांगायचं. एकट्याने सांगताना शंभरात एकही चूक धड होत नसे. पण खोलीतली बाकीची सगळी मुलं अ‍ॅशने आधीच पढवलेली होती. अठरापैकी बारा वेळा ती सगळी ठरवून एकच चुकीची रेघ सांगत, आणि खऱ्या उमेदवाराची पाळी शेवटाकडे येई. त्या बारा वेळांतली साधारण 37 टक्के उत्तरं बहुमताबरोबर गेली. दर चौघांतल्या तिघांनी एकदा तरी मान तुकवली, एक जण मात्र शेवटपर्यंत हलला नाही.

हा प्रयोग नेहमी ‘माणूस मेंढरू आहे’ याचा पुरावा म्हणून सांगितला जातो, आणि ते मला पटत नाही. जवळजवळ दोन-तृतीयांश उत्तरं बरोबर होती, सगळी खोली विरुद्ध असताना. अ‍ॅशला स्वतःलाही या न झुकणाऱ्यांचं महत्त्व वाटत होतं. त्याने आणखी एक गोष्ट करून पाहिली: गटात खरं उत्तर देणारा फक्त एक सोबती ठेवला. चुकांचं प्रमाण एकदम चौथाईवर आलं. फक्त एक माणूस! उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायला दिलं, तेव्हाही चुका खूप घटल्या. शेरिफच्या ठिपक्याशी ताडून बघा. तिथे एकटं केलं तरी गटाचं मत टिकलं, इथे इतरांची नजर बाजूला होताच ते गळून पडलं.

भीड की अदमास हे ओळखायची माझ्या मते यापेक्षा चांगली परीक्षा नाही. माणूस एकटा पडला की काय करतो, ते पाहावं.

आमच्या इमारतीतलं सांगते. चोवीस फ्लॅट. पावसाळ्याआधी बैठक झाली, संपूर्ण गच्चीचं वॉटरप्रूफिंग नव्याने करायचं की गळणाऱ्या कोपऱ्यापुरती दुरुस्ती करायची. पूर्ण कामाचा खर्च चौपट. अध्यक्ष वडीलधारे, भले गृहस्थ; त्यांचं मत पूर्ण कामाच्या बाजूने. “कोणाची हरकत?” असं त्यांनी विचारलं आणि थोडं थांबले. मग हात वर करायला सांगितलं. पहिल्या रांगेतले वर गेले, मग दुसऱ्या, मग सगळेच. मीही केला. बैठक संपून जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावरच्या काकू हळूच म्हणाल्या, “अहो, एवढा खर्च कशाला? कोपराच तर गळतोय.” पुढच्या वळणावर आणखी एका वहिनींनी तेच म्हटलं. तळाशी पोचेपर्यंत मला पाच घरं सापडली होती ज्यांना ते काम नको होतं, आणि पाचही जणांना वाटत होतं की बाकी सगळ्यांना ते हवं आहे. भिडेचं हे फार वाईट. प्रत्येक जण दुसऱ्याच्या हाताकडे बघून आपला हात वर करतो, आणि तोच हात तिसऱ्याला पुरावा वाटतो.

इथे घोटाळा होतो तो उपायाच्या बाबतीत. कामाचं स्वरूप समजावणारी आणखी एक बैठक घेऊन काही उपयोग नव्हता. काकूंना माहिती कमी नव्हती, त्यांना आडोसा हवा होता. उलट ज्याला खरंच कळत नाही त्याला आडोसा देऊन काय होणार? तो कोऱ्या चिठ्ठीपुढे तसाच बसेल.

मुलांशी तर आपण हे सतत उलटं करतो. दहावीनंतर सगळे मित्र गणित घेताहेत म्हणून मुलानेही घेतलं. घरी ऐकवलं जातं, “ते विहिरीत उडी मारतील तर तूही मारशील का?” हा टोला भिडेवरचा आहे. पण त्या वयात बहुतेक मुलांना आपल्याला काय जमेल हेच ठाऊक नसतं, ती शेरिफच्या अंधाऱ्या खोलीतच असतात. त्यांना ताठ कणा शिकवून भागत नाही, दिवा लावून द्यावा लागतो. तो विषय प्रत्यक्ष शिकणाऱ्या, त्यात काम करणाऱ्या चार वेगवेगळ्या माणसांशी गाठ घालून द्यावी. आणि पहिल्यांदा सिगारेट ओढणाऱ्या मुलाला सिगारेटचे तोटे वाचून दाखवणं ही याच चुकीची दुसरी बाजू. तोटे त्याला पाठ आहेत. त्याला त्या टोळक्यात ‘नको’ म्हणणारा एक सोबती हवा आहे.

1996 मध्ये रॉबर्ट बॅरन आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग मला भीड आणि अदमास यांमधली भिंतच वाटतो. चित्रात एक संशयित दाखवायचा, मग चार जणांच्या रांगेतून तो ओळखायचा; सोबतचे पढवलेले लोक चुकीचा सांगणार. सोपा प्रकार असा की चित्र निवांत बघायला मिळे, आणि अवघड असा की अर्धा सेकंद दिसून नाहीसं होई. काहींना हे नुसतं चाचपणीचं काम म्हणून सांगितलं, काहींना बिनचूकपणासाठी बक्षीस लावलं. सोप्या कामात बक्षीस लागताच इतरांच्या मागे जाणं 33 टक्क्यांवरून 16 वर आलं. अवघड कामात ते 35 वरून 51 वर गेलं! स्वतःला दिसत असेल तर पणाला काही लागल्यावर माणूस भीड झुगारतो, दिसत नसेल तर तेवढाच घट्ट दुसऱ्याचा हात धरतो. आजारपणात शहाणीसुरती माणसं कोणाकोणाच्या सांगण्यावरून डॉक्टर का बदलत बसतात, ते मला हे वाचल्यावर कळलं.

आता इंदूरच्या स्वच्छतेचं. 2017 ते 2023 सलग सात वेळा स्वच्छ सर्वेक्षणात शहर पहिलं आलं आणि त्याचा अभिमान मलाही आहे. बाहेरगावचे पाहुणे विचारतात, लोक दंडाला घाबरतात का, की एकमेकांच्या नजरेला? दोन्ही असेल. पण मध्यरात्री रिकाम्या रस्त्यावर, कोणी बघत नसताना, रॅपर मुठीत धरून डबा शोधणारी माणसं मी पाहिली आहेत. ती भीड नव्हे. रॉबर्ट चाल्डिनी, रेमंड रेनो आणि कार्ल कॅल्ग्रेन यांनी 1990 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. पार्किंगमधल्या गाड्यांच्या काचांवर पत्रकं अडकवली आणि लोक ती खाली टाकतात का ते पाहिलं. जमीन आधीच घाण होती तिथे 32 टक्क्यांनी टाकली, स्वच्छ होती तिथे 14 टक्क्यांनी. आणि स्वच्छ जमिनीवर कोणाला तरी कचरा टाकताना नुकतंच पाहिलं असेल, तर आकडा वाढायच्या ऐवजी 6 वर आला; त्या एका कचऱ्यामुळे बाकीची स्वच्छता डोळ्यांत भरली. झाडलेली जमीन स्वतःच सांगत असते की इथे असं करतात. म्हणूनच आमच्यातलाच एखादा सहलीला गेल्यावर बसच्या खिडकीतून पाकीट भिरकावतो तेव्हा मला नुसता राग येत नाही, वाईट वाटतं. शहराने दिलेला अदमास शहराच्या वेशीपर्यंतच टिकला.

डॉइच आणि जेरार्ड यांच्याच प्रयोगात एक बारीक तुकडा आहे. इतरांचं ऐकण्याआधी स्वतःचं उत्तर नुसतं लिहून ठेवलं, तरी माणूस कमी झुकतो. लहान मुलांची वरचा कागद उचलला की पुसली जाणारी मॅजिक स्लेट असते ना, तशा पाटीवर लिहून लगेच पुसून टाकलं, कोणाला दाखवलंही नाही, तरी काही अंशी तसंच होतं.

म्हणून पंधरा दिवसांनी गच्चीचा विषय पुन्हा निघाला तेव्हा मी अध्यक्षांना आधीच भेटून विनंती केली की चर्चेआधी प्रत्येकाने आपलं मत चिठ्ठीवर लिहावं, नाव न घालता. त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं. चिठ्ठ्या उघडल्या: 13 कोपऱ्याच्या दुरुस्तीसाठी, 4 पूर्ण कामासाठी, आणि 7 चिठ्ठ्यांवर वेगवेगळ्या अक्षरांत जवळपास एकच गोष्ट लिहिलेली होती, की यातलं आम्हाला कळत नाही. त्या सात घरांसाठी पुढच्या रविवारी बाहेरचा एक इंजिनिअर बोलावला. तो गच्चीवर अर्धा तास पाणी ओतत फिरला, आणि ते सातही जण त्याच्या मागे मागे.