बुरशीवरचे औषध आणि हिरड्यांतले रक्त

बुरशीनाशक गोळ्यांनी हिरड्या कमकुवत होऊन रक्त येते, असा काहींचा समज असतो. मात्र हिरड्यांतून रक्त येण्याचे नेहमीचे कारण दातांच्या मुळाशी साचलेला जिवाणूंचा थर हेच असते. खरा धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. फ्लुकोनॅझोल आणि मायकोनॅझोल ही बुरशीनाशके, रक्त गोठू न देणाऱ्या वॉरफरिन या औषधाचे यकृतात विघटन करणारे एन्झाइम रोखतात, त्यामुळे वॉरफरिनचा परिणाम वाढतो, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा तपासणीतला आकडा) चढतो आणि ब्रश करताना थुंकी लाल दिसू लागते. तोंडात लावायचे मायकोनॅझोल जेल निरुपद्रवी वाटते खरे, पण तेही काही प्रमाणात रक्तात पोहोचतेच. अशा वेळी कोणतेही औषध परस्पर बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवून आयएनआर तपासून घ्यावा.