गंजातला थिजलेला रस्सा

थंडीतल्या सकाळी रात्रीच्या मटणाच्या गंजावरचं झाकण काढलं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "केवढी चरबी गोठली!" ते अर्धंच खरं. चरबी म्हणजे वरचा टणक थर. तो चमच्यानं बाजूला केला की खाली थुलथुल हलणारा रस्सा दिसतो. ते जिलेटिन, म्हणजे प्रथिन.

बोकडाच्या खांद्याला, मांडीला, पायाला जन्मभर काम असतं. तिथले स्नायू बांधून ठेवणारं कोलॅजेन भरपूर आणि चिवट. ६० अंश सेल्सिअसच्या पुढे ते आकसतं, मांसातलं पाणी पिळून काढतं. म्हणून अर्धवट शिजलेला तुकडा चामड्यासारखा लागतो. ७० अंशांच्या वर बराच वेळ राहिलं की तेच विरघळून जिलेटिन होतं. परदेशात गाईच्या खांद्याचा अख्खा तुकडा झाकून तासन्‌तास शिजवतात, तोही याचसाठी.

चुलीत लाकडं कितीही सारा, रस्सा १०० अंशांच्या फार वर जात नाही. नुसती वाफ वाढते. कुकरमध्ये दाबामुळे पारा १२० च्या आसपास पोचतो, म्हणून काम लवकर उरकतं. पण खमंगपणा पाण्यात येत नाही. त्याला १४० अंशांच्या आसपासची कोरडी उष्णता लागते. तेव्हा मटण आधी तेलात रंग येईस्तोवर परता, पाणी मागून. कांदा-खोबरं भाजण्यामागेही हेच गणित. चुलीचं मटण चवदार लागतं त्याचं श्रेय लोक धुराला देतात. मी ते घाई न करण्याला देईन.

घोटाळा होतो तो उरलेल्या रश्श्यात. 'राहू दे निखाऱ्यावर, गरम राहील' ही आपली जुनी सवय. निखारे विझत जातात, भरलेला गंज हळूहळू निवतो आणि कित्येक तास कोमट राहतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेली रूपं, उकळण्यातूनही वाचतात आणि ४३ ते ४७ अंशांत ते जिवाणू सगळ्यात वेगानं वाढतात, दहा-पंधरा मिनिटांत दुप्पट. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे दुपारची हवाच तेवढी तापलेली असते! दुसऱ्या दिवशी पोटात मुरडा आला की दोष तिखटाला जातो.

म्हणून रस्सा एकतर ६० अंशांच्या वर, हाताला चटका बसेल इतका गरम ठेवा, नाहीतर झटपट निववा. पसरट भांड्यांत थोडा थोडा काढून ती भांडी गार पाण्याच्या परातीत ठेवायची, मग फ्रिज. दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात तासाभरात. वीज रात्रभर नव्हती तर मोह टाळलेलाच बरा.

सकाळी लागेल तेवढाच रस्सा काढून खळखळून उकळा. बाकीचा परत परत तापवू नका. हाडांवरचं मांस सोडवून, तो उकळलेला रस्सा घालून शिळा नव्हे, ताजा भात परता. वितळलेलं जिलेटिन शिताशिताला चिकटतं. किंवा सरळ ज्वारीची भाकर कुस्करा.