मॉनिटरची उजळता आणि खोलीतला उजेड

मॉनिटर कॅलिब्रेट करताना, म्हणजे त्याची उजळता आणि रंग मापाने जुळवताना, पडद्यावरचा पांढरा किती उजळ ठेवायचा, हे खोलीतल्या उजेडावरून ठरवण्याची पद्धत. पडद्याची उजळता कँडेला प्रति चौरस मीटरमध्ये मोजतात, बोलताना त्यालाच ‘निट’ म्हणतात. खोलीतला उजेड मोजायचा तो लक्समध्ये.

डोळा भोवतालच्या उजेडाला सरावतो. त्यामुळे तोच पडदा अंधारात डोळ्यांत खुपतो आणि खिडकीपाशी मळकट वाटतो. छायाचित्रकाराला याचा फटका बसतो तो छपाईत. नवा मॉनिटर बहुधा गरजेपेक्षा बराच उजळ ठेवलेला असतो. त्यावर फोटो लखलखीत दिसतो, म्हणून संपादन करणारा तो गडद करतो. मग प्रिंट काळपट आली की बोल लॅबला लागतो.

पडद्यावरच्या रंगांसाठी ठरवलेल्या प्रमाणांचे (स्टँडर्ड) आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. 1999च्या एसआरजीबी प्रमाणात पडदा 80 निट आणि खोली 64 लक्स धरली आहे, तर अडोबी आरजीबीत (1998) पडदा 160 निट आणि खोली 32 लक्स. त्यामुळे एखादा आकडा पाठ करण्यापेक्षा कागदाशी ताडून पाहणे बरे. पडद्याशेजारी, प्रिंट जिथे पाहणार त्या दिव्याखाली, कोरा पांढरा कागद धरावा आणि दोन्ही पांढरे सारखे उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस कमी-जास्त करावा. हिशेबही सोपा आहे: लक्सला कागदाच्या परावर्तनाने गुणून 3.14 ने भागायचे. 500 लक्समध्ये 90 टक्के उजेड परत फेकणारा कागद साधारण 143 निट भरतो. मंद खोलीत काम करणारे बरेच जण 80 ते 120 निटवर थांबतात.

जुन्या सीआरटी (काचेच्या नळीच्या, जाड) मॉनिटरवर ‘ब्राइटनेस’ने मुख्यतः काळ्याची पातळी हलायची. सपाट एलसीडीत तेच बटण सहसा बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, कमी-जास्त करते, म्हणून जुने सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

आधी खोली, मग मॉनिटर, हा क्रम मोडू नये. पडद्यावर थेट पडलेला उजेड काळा भाग राखाडी करतो आणि ब्राइटनेस वाढवून तो काळा परत येत नाही. तिथे खिडकीचा पडदा ओढणे किंवा टेबल फिरवणे हाच उपाय. आपोआप उजळता बदलणारी सोय बंद करून, मॉनिटर अर्धा तास तापू देऊन मगच मापन यंत्र लावावे. दुपारी खिडकी उघडी ठेवून केलेले माप रात्री ट्यूबलाइटखाली उपयोगी पडत नाही. ज्यांना दोन्ही वेळा काम करावे लागते, ते दोन वेगळी प्रोफाइल (मापनातून बनलेल्या मॉनिटरच्या रंगनोंदी) करून ठेवतात.