तालमींची ईर्षा आणि फोनमधली भीती

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील तालीम मंडळ हे फुटबॉल संघ समोरासमोर आले की शिवाजी पेठेत आणि मंगळवार पेठेत त्या दिवशी दुसरा विषय नसतो. ईर्षा टोकाची, कधी हमरीतुमरीवरही येते. पण यातलेच दोघे एरवी एका कारखान्यात कामाला, एका भिशीत किंवा एकमेकांचे पाहुणे असतात. मैदानावरचा विरोधक दुसऱ्या कुठल्या तरी नात्याने आपलाच निघतो. ध्रुवीकरणात नेमके हेच तुटते. जात, धर्म, पक्ष, बघायचे चॅनेल, सगळ्याच्या रेषा एकावर एक येतात आणि पलीकडच्या माणसाशी एकही धागा उरत नाही.

गट पाडायला माणसाला मोठे निमित्त लागत नाही. १९७०च्या सुमारास मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी ब्रिस्टलमध्ये शाळकरी मुलांचे गट केले. कुणाला कोणत्या चित्रकाराची चित्रे आवडली, एवढेच कारण सांगितले. प्रत्यक्षात वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. तरी पैसे वाटताना मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण समोरच्या गटापेक्षा जास्त हवे, अशीही निवड बऱ्याच जणांनी केली.

या स्वभावावर भीतीचा धंदा चालतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका संकेतस्थळाच्या लाखभर मथळ्यांची तपासणी झाली. मथळ्यात एक नकारात्मक शब्द वाढला की क्लिक सुमारे २.३ टक्क्यांनी वाढत होते. आकडा किरकोळ वाटतो, पण रोज हजारो मथळे लिहिणाऱ्यांना तेवढा पुरतो. ट्विटरवरच्या २००६ ते २०१७ मधील सुमारे १,२६,००० बातम्यांचा माग एमआयटीच्या संशोधकांनी काढला, तेव्हा दीड हजार लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला खोट्या बातमीच्या साधारण सहापट वेळ लागल्याचे दिसले. खोट्याला ही आघाडी यंत्रांनी मिळवून दिली नव्हती. ते पुढे ढकलणारी आपल्यासारखी माणसेच होती.

७ जून २०२३ ला कोल्हापूरने हे सोसले. मोबाइलवरच्या काही स्टेटसवरून जमाव रस्त्यावर आला, दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद करावे लागले. शाहू महाराजांच्या गावात हे घडावे, याची वेदना अजून जात नाही.

मग काही शहरे पेटतात आणि काही शांत राहतात, ती कशामुळे? राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातील सहा शहरांच्या तीन जोड्या तपासल्या. अलीगढ आणि कालिकत ही त्यातली एक. त्यांना दिसले की शेजारपाजारची ये-जा गावात पुरते, शहरात अपुरी पडते. जिथे व्यापारी संघटना, कामगार संघटना, मंडळे यांत हिंदू-मुसलमान दोघेही सभासद होते, तिथे अफवा तिथल्या तिथे विझत असे, कारण खरे-खोटे विचारायला पलीकडे ओळखीचा माणूस होता.

आपल्या जुन्या तालमी अशाच संस्था आहेत. बाबूजमाल तालमीत गणपतीही बसतो आणि मोहरमचा पंजाही, आणि दोन्हींच्या तयारीला राबणारी पोरे तीच असतात. मला काळजी वाटते ती शहराच्या कडेला वाढणाऱ्या नव्या कॉलन्यांची. तिथे व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तालीम नाही. रात्री अकरा वाजता दोन बाणांची खूण असलेला, म्हणजे बऱ्याच वेळा फॉरवर्ड झालेला व्हिडिओ आला, तर तिथल्या पोराने खात्री करायला फोन कुणाला लावायचा?